दोन फ्लॅग एकदम ट्रू

आमचं नागपूरचं ऑफिस केव्हीएम या लिनक्समधल्या हायपरव्हायजरवर बेतलेला स्वतःचा हायपरव्हायजर सांभाळतं, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीन (गेस्ट) चालवणारं सॉफ्टवेअर. केव्हीएम लिनक्समध्ये आलं 2007 साली, आणि आमच्या फाट्यात (त्या कोडच्या आमच्या वेगळ्या प्रतीत) तेव्हापासूनचा गाळ साचलेला. व्हीसीपीयूच्या (गेस्टच्या आभासी प्रोसेसरच्या) स्ट्रक्चरमध्ये तीन बूलियन, म्हणजे ट्रू-फॉल्स फ्लॅग: पोर्ट आयओ (पोर्टमधून उपकरणाशी देवाणघेवाण) बाकी, एमएमआयओ (तीच मेमरीच्या पत्त्यावरून) बाकी, हायपरकॉल (गेस्टची हायपरव्हायजरला थेट विनंती) बाकी. वर कॉमेंट, ‘एका वेळी एकच ट्रू’. तीन बूलियनच्या शक्यता आठ, चालणाऱ्या चार. उरलेल्या चारांकडे कोणी बघतच नव्हतं. तिन्ही काढून एक इनम (ठरलेल्या पर्यायांपैकी एका वेळी एकच धरणारा प्रकार) आणायचं काम माझ्याकडे होतं.

आधी जुन्याच कोडमध्ये वॉर्न-ऑन-वन्स घातला: दोन फ्लॅग एकदम ट्रू झाले की लॉगमध्ये एकदा इशारा. नेहमीचे सगळे गेस्ट बूट झाले, लॉग कोरा. मी खाली जाऊन निवांत तर्री-पोहे खाऊन आलो. तोवर आमच्या टीममधल्या काटोलच्या ज्युनिअर मुलीनं एक टेस्ट लिहिली होती. ‘इन्स’ ही सूचना पोर्टवरून बाइट घेते नि मेमरीत टाकते. टेस्टमध्ये तिनं मेमरीचा पत्ताच एमएमआयओचा दिला. लॉगमध्ये इशाऱ्याचा भलामोठा स्टॅक ट्रेस.

“असा गेस्ट कोण लिहिते बाप्पा?”

“सर, गेस्ट शहाणाच असंल असं कोणी सांगितलं?”

यावर काय बोलणार? हायपरव्हायजरनं गेस्टवर भरवसा ठेवायचाच नसतो.

झालं होतं असं. पोर्ट वाचायला व्हीसीपीयू एकदा युजरस्पेसकडे (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडे) जातो, आलेला बाइट लिहायला पुन्हा एकदा. पण पहिला फ्लॅग सूचना पूर्ण होईपर्यंत खाली येत नव्हता, कारण ‘बाइट हाती आलाय’ ही आठवणसुद्धा त्याच्याच गळ्यात. सरळ इनम टाकला असता तर ती पुसली जाऊन एम्युलेटरनं (गेस्टच्या सूचना सॉफ्टवेअरमधून पार पाडणाऱ्या भागानं) पोर्ट परत वाचलं असतं. सिरियल पोर्टवर वाचलेला बाइट रांगेतून जातो. दुसऱ्यांदा वाचलं की पुढचाच मिळतो. असा बग शोधायला महिने जातात.

मग ‘कोणाची वाट बघतोय’ आणि ‘हाती काय आहे’ यांची फारकत केली. पहिल्याला इनम शोभतो. केव्हीएमच्या रन स्ट्रक्चरमध्येही बाहेर पडायचं कारण एकच असतं, तपशील युनियनमध्ये (कारणाप्रमाणे बदलणाऱ्या एकाच जागेत). दुसऱ्याला वेगळा बफर. मूळ एम्युलेटरमध्ये पोर्टवरून वाचलेल्याची कॅश याचसाठी आहे; आमच्याकडे कोण्या महाभागानं ती ‘अनावश्यक’ म्हणून उडवली होती.

पॅच गेले ते आधी तिची टेस्ट, मग बफर, शेवटी इनम. वॉर्न-ऑन-वन्स मात्र तिनं काढू दिला नाही. आता इनम रिकामा नसताना कोणी त्यात दुसरं काही भरलं की तो ओरडतो.