हॅमेलिन पूलची चाकोरी

पर्थहून निघून जेराल्डटनला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी दुपारी हॅमेलिन पूल गाठलं, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे ह्या उपसागराची उथळ खाडी. सातशे किलोमीटर. दार उघडताच माश्या नाका-डोळ्यांत शिरायला लागल्या. लाकडी पुलावरून पाण्यात शे-दीडशे पावलं गेलो, तेव्हा मामेभाऊ थांबला. "दादा, ह्या गोवऱ्या बघायला आणलंस होय?"

त्याचं चुकलं नव्हतं. उथळ पाण्यात काळपट, गुडघाभर ढेकळं. कुणीतरी शेणी थापल्या आणि उचलायला विसरला.

पण हे स्ट्रोमॅटोलाइट. खाली दगड, वरचा पापुद्रा जिवंत. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर अन्न बनवून ऑक्सिजन सोडणारे जिवाणू; त्यांच्या चिकट थराला वाळू चिकटते, चुना साचतो, उजेडासाठी जिवाणू वर सरकतात, की पुन्हा नवा थर. वाढ वर्षाला जेमतेम ०.३ मिलिमीटर. असेच थर उत्तरेला पिलबारा भागात दगड होऊन पडलेत, सुमारे ३४८ कोटी वर्षांचे.

ऊन चढलं तसे एका ढेकळावर बारीक बुडबुडे दिसले. टाचणीच्या डोक्याएवढे. ऑक्सिजन! सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला, तो ह्यांच्याच जातकुळीमुळे. तेव्हाच्या कित्येक जिवाणूंना तो विषच होता.

बाकी समुद्रात गोगलगायी असले पापुद्रे खरवडून खातात. इथं पाणी समुद्राच्या दुप्पट खारट, त्यांचा टिकाव लागत नाही. खारट का, तर खाडीच्या मुखाशी समुद्री गवतानं गाळ अडवून बांध घातलाय. आणि ह्या शार्क बेतल्या गवताची गंमत मला मागाहून, २०२२ मध्ये कळली. पोसिडोनिया जातीच्या गवताची तब्बल १८० किलोमीटर पसरलेली कुरणं म्हणजे एकच रोप निघालं, साडेचार हजार वर्षांचं! एरवी पिल्लाला आई-बापाकडून निम्मी-निम्मी गुणसूत्रं मिळतात. ह्यानं दोघांचे अख्खे संच घेतले. वनस्पतींत नवी जात निघते, ती पुष्कळदा अशीच, गुणसूत्रं दुप्पट होऊन. हे वाचल्यावर आधी भावालाच फोन केला.

आम्ही गेलो ते २०१९ साल. २०२१ च्या सेरोजा चक्रीवादळानं तो लाकडी पूल मोडला.

परतताना ढेकळांतून किनाऱ्याकडे गेलेल्या दोन सरळ रेघा दिसल्या. शंभरेक वर्षांपूर्वी लोकरीचे गठ्ठे बोटीपर्यंत न्यायला इथून गाड्या जायच्या, त्यांची चाकोरी. खरीखुरी, चाकांनी पडलेली. भाऊ कठड्यावर वाकला, बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे शंभर वर्षांत फक्त तीन सेंटिमीटर?"

माश्या हाकलायचंही विसरला होता.