मुलगा अठरा वर्षांचा होताना

तो पंधराचा असताना विशेष शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आता पाढे पुरे झाले. त्याला दाढी करायला शिकवा." मला रागच आला. मुलगा बौद्धिक अक्षम असला तरी माझ्या मनात तो अजून लहानच होता.

दाढी ट्रिमरने जमली. पैशांनी दमवलं. त्याला बेरीज येत नाही, म्हणून आम्ही नोटांचे रंग धरले. दहाची चॉकलेटी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट. दुधाला जांभळी नोट द्यायची आणि सुटे परत मिळेपर्यंत हलायचं नाही. गल्लीतल्या दुकानदारांना आधी सांगून ठेवलं होतं, त्यांनी फार सांभाळून घेतलं.

बसला सात महिने लागले. आधी मी शेजारी बसायचे, मग दोन बाकं मागे, मग त्याचे बाबा स्कूटरवर बसच्या मागे. एकदा तो चुकीच्या थांब्यावर उतरला. शिकवल्याप्रमाणे जागीच उभा राहिला आणि पानवाल्याला गळ्यातलं कार्ड दाखवलं. फोन आला तेव्हा माझे हातपाय गळाले होते, पण मुलाने अगदी बरोबर केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा बसमध्ये बसवणं मला सगळ्यात जड गेलं.

अठरा पूर्ण झाल्यावर बँकेत कळलं की आता आम्ही आपोआप त्याचे कायदेशीर पालक उरलो नाही. तिथल्या साहेबांनी कोर्टाचा कागद मागितला. दोन महिने हेलपाटे घातल्यावर दुसऱ्या एका पालकांनी सांगितलं की कोर्टात जायची गरजच नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. तिच्यावर नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना हे प्रमाणपत्र ग्राह्य धरायला सांगितलेलं आहे. आम्ही दोघांनी मिळून अर्ज केला. सोबत त्याचा अपंगत्वाचा दाखला, जन्मदाखला आणि आधार जोडलं.

सुनावणीत विचारलं, "पालकत्व कशासाठी हवं?" मी पटकन म्हणाले, "सगळ्यासाठीच." समितीवरच्या दिव्यांग बाईंनी मला थांबवलं. कायद्यानुसार पालकाची गरज आहे का आणि नेमकी कशासाठी, हे समितीला पाहावं लागतं, असं त्यांनी समजावलं. मग आम्ही नीट विचार करून सांगितलं: बँक, घराचा हिस्सा, ऑपरेशनची संमती.

त्या त्याच्याकडे वळल्या. "इथे कसा आलास?"

"बसने," तो म्हणाला. "बाबा मागे बसले होते."

नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते. ती मी परवा लिहून दिली. सध्या त्यात एक बचत खातं आहे, आणि कार्यशाळेत कागदी पिशव्या करून मिळालेलं मानधन त्यात जमा होतंय.