चिखल्यांची ट्यूब मागायला येणाऱ्यांसाठी

लावणी सुरू झाली की आमच्या लांज्याच्या मेडिकलमध्ये सर्दी-तापाच्या गोळ्यांइतकीच चिखल्यांची मलमं खपतात. दिवसभर चिखलात उभं राहायचं, घरी येऊन पाय खळबळून धुवायचे आणि ओल्याच पायांनी चुलीकडे वळायचं. बोटांच्या बेचक्या सुकणार कधी? करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचकी बहुतेकदा पहिली जाते. कातडी पांढरी पडून फुगते, सोलवटते, खाली लालभडक दिसते. नुसत्या पाण्याने पांढरी पडलेली कातडी पाय कोरडे राहिले की सुधारते. पण खाज थांबत नसेल, पापुद्रे सुटतच राहत असतील, तर बहुधा बुरशीने घर केलेलं असतं. दिवसभर गमबुटात असणाऱ्यांचंही हेच होतं.

मेंदीचा पाला वाटून लावायची आमच्याकडे जुनी रीत आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण भेगाळलेल्या बेचकीत बिब्याचं तेल नाहीतर रॉकेल घालून आलेले पाय पाहिले की जीव कळवळतो.

माझं खरं भांडण आहे ते मिश्रणाच्या ट्यूबशी. "ताई, गेल्या वर्षीची तीच द्या, दोन दिवसांत खाज जाते," असं म्हणून लोक रिकामी ट्यूब पुढे करतात. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि शिवाय क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज घालवतं ते हे स्टेरॉइड. लाली उतरते, माणूस खूश होतो. पण कातडीची बुरशीशी लढायची ताकदच त्याने दाबलेली असते, त्यामुळे ट्यूब बंद केली की दुखणं पुन्हा उसळतं. तोवर कधी कधी जांघेत आणि कमरेला गजकर्ण पोचलेलं असतं. २०१८ साली सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची. मी चिठ्ठी मागते. गिऱ्हाईक रागावून शेजारच्या दुकानात गेलं तरी मागते.

पायाच्या बेचकीला साधं मलम पुरतं. क्लोट्रिमॅझोल १ टक्का दिवसातून दोनदा, चार आठवडे. टर्बिनाफिन १ टक्का दिवसातून दोनदा, साधारण आठवडाभर. ल्युलिकोनॅझोल दिवसातून एकदा, दोन आठवडे. बुरशीच्या पेशीचं आवरण ज्या एर्गोस्टेरॉलवर उभं असतं, ते तयारच होऊ द्यायचं नाही, हे या तिघांचंही काम. आपल्या पेशींत एर्गोस्टेरॉल नसतं, म्हणून आपल्याला इजा होत नाही. अलीकडे आपल्या देशात टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीही पसरली आहे. जांघेतल्या आणि अंगावरच्या गजकर्णात ती जास्त सापडते. त्यामुळे मलम नीट लावूनही फरक नसेल तर ट्यूब बदलत बसू नका, कातडीच्या डॉक्टरांकडे जा. ते कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

लावायचं कसं, ते मी काउंटरवर माझ्या हाताची बोटं फाकवून दाखवते. जुन्या सुती साडीचा तुकडा बेचकीत घालून आधी पाणी टिपायचं. पुसायला घासू नका, कातडी निघते. मग मलमाचा पातळ थर, आणि दिसणाऱ्या डागाच्या बाहेरही दोन सेंटिमीटरपर्यंत. जाड लेप दिला तर बेचकी उलट ओली राहते. तो तुकडा रोज धुऊन वाळवायचा आणि घरात दुसऱ्या कोणी वापरायचा नाही. खाज थांबली की बहुतेक जण ट्यूब फळीवर ठेवून देतात. तेव्हा बुरशी मेलेली नसते, सांगितलेले दिवस पुरे करायचे.

शुगर असलेल्यांचं मात्र मला फार भय वाटतं. पायाची संवेदना गेलेली असते, भेग कळत नाही, तिथून जंतू आत शिरतात. पाय सुजलाय, लाली वर चढतेय, पू किंवा ताप आहे, असं दिसलं की मी त्यांना ट्यूब देऊन घरी पाठवत नाही. दवाखान्यात फोन करून त्याच दिवसाचा नंबर लावून देते.