जीभ पुढे, जीभ मागे

आज सहकाऱ्याबरोबर त्याच्या घरी, ओकेनेला गेलो होतो. नायजेरियाच्या राजधानीहून, अबुजाहून निघालो की वाटेत लोकोजा लागतं, तिथे नायजर आणि बेनुए नद्या एकमेकींना भेटतात. तिथून पुढे कोगी राज्यातला हा डोंगराळ मुलूख इबिरा लोकांचा.

त्याची आई अंगणात उभ्या मागावर कापड विणत होती. इथे हे काम पूर्वापार बायकांचं. हात न थांबवता तिने मला त्यांच्या इबिरा भाषेतलं स्वागताचं उत्तर शिकवलं. मी चार वेळा म्हटलं, चारही वेळा तिने मान हलवली. मग स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून पुन्हा म्हणाली. तेव्हा कुठे लक्षात आलं, की ओ एक नाही, दोन आहेत!

या भाषेत नऊ स्वर आहेत. काहींना जिभेचं मूळ पुढे येतं, काहींना मागे ओढलं जातं आणि एका शब्दात सहसा एकाच गटाचे स्वर नांदतात. आपण 'ऑफिस' आणि 'ओठ' वेगळे म्हणतो, पण अख्ख्या शब्दाने एकच गट धरायचा ही सवय आपल्या जिभेला नाही. त्यात आवाज चढला-उतरला की अर्थही बदलतो.

नायजेरिया म्हटलं की हौसा, योरुबा, इग्बो एवढीच नावं आपल्या कानावर येतात. मला फार वाईट वाटलं, दोन वर्षं रोज शेजारी बसणाऱ्या माणसाची मातृभाषा मी आज पहिल्यांदा ऐकली.

पाचव्या खेपेला म्हातारी हसली आणि माझ्या हातात धाग्याचं रीळ दिलं.