रात्रपाळीत आलेली ईद

२०२२ सालच्या १ मेची रात्रपाळी माझ्याकडे होती. तेव्हा मी मलेशियात, पेनांग बेटावरच्या बायान लेपास औद्योगिक वसाहतीत, चिप्सची जोडणी करणाऱ्या एका कारखान्यात शिफ्ट मॅनेजर होतो. ही वसाहत १९७२ पासूनची. इथले कारखाने चोवीस तास चालतात, सणालाही ओव्हन थंड होत नाहीत.

अशा शहरात पाळ्यांचा तक्ता लावणं हीच मोठी कसरत. वर्षाच्या सुरुवातीला तमिळांचं तैपूसम आणि चिनी नववर्ष, मे महिन्यात वेसाक म्हणजे बुद्धपौर्णिमा, चिनी सातव्या महिन्यात पितरांचे दिवस, ऑक्टोबरच्या आसपास चिनी लोकांचं नऊ सम्राट-देवांचं नऊ दिवसांचं शाकाहारी व्रत (बहुतेक वर्षी ते आपल्या नवरात्राबरोबरच बसतं), मग दीपावली आणि नाताळ. आणि या सगळ्यांतून दरवर्षी थोडी मागे सरकणारी ईद, मलय भाषेत ‘हारी राया’.

आपल्याकडे संकष्टीच्या चंद्रोदयाची मिनिटंसुद्धा कालनिर्णयात छापून येतात. मलेशियातही कॅलेंडरवर ईदची तारीख असते, पण ती पक्की नसते. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी देशभरातल्या ठरलेल्या ठिकाणांहून चंद्रकोर बघतात, पेनांगला पंताई आचेहच्या शेख ताहिर खगोल केंद्रातून. मग राजमुद्रेचे रक्षक (सुलतानांच्या वतीने घोषणा करणारे अधिकारी) टीव्हीवर येऊन उद्या ईद आहे की परवा ते सांगतात. त्या वर्षी कॅलेंडरवर ३ मे होती. चंद्र एवढ्यात दिसणार नाही असंच सगळे धरून चालले होते. मीही तक्ता तसाच लावला होता: मलय मंडळींनी १ मेची रात्र भरायची, सकाळी घरी जाऊन झोपायचं आणि २ तारखेला निवांत सणाची तयारी करायची.

त्या ईदेला आणखी एक वजन होतं. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी ईदेला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायला बंदी होती. त्या वर्षी पहिल्यांदा लोक मोकळेपणाने गावी निघाले होते.

पाळी सातला सुरू झाली. साडेसातच्या सुमारास रोजा सोडायला माणसं दोन तुकड्यांनी कँटीनला गेली. पहिली तुकडी परत येऊन सूट चढवून क्लीनरूममध्ये शिरली, दुसरी अजून टीव्हीसमोर होती. क्लीनरूममध्ये मोबाइल नेता येत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, तोंडावर मास्क, दिसतात ते फक्त डोळे. मी आत तिसऱ्या रांगेत एका यंत्रापाशी उभा असताना बाहेरच्या मार्गिकेतून कोणीतरी काचेवर थापा मारू लागलं. आमचा एक तंत्रज्ञ होता. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून त्याने तो काचेला टेकवला होता: ‘एसोक राया’. उद्या ईद!

आमच्या लाइन लीडरबाई माझ्या शेजारीच होत्या. वयाने मोठ्या, सगळे त्यांना ‘काक’ म्हणजे ताई म्हणायचे, मीही. त्यांनी पुठ्ठा वाचला आणि हातातला ट्रे हळूच टेबलावर ठेवला. घरी मांस आणलेलं नव्हतं. रेंडांग मंद आचेवर तासन् तास शिजतं, पानांत बांधलेला भात, केतुपातही तसाच बराच वेळ उकळावा लागतो. त्यांचं घर डोंगरापलीकडे बालिक पुलाऊला. मुलं, सुना, नातवंडं दोन वर्षांनी एकत्र येणार होती, आणि सकाळच्या नमाजाच्या वेळी ही बाई कारखान्यातून बाहेर पडत असणार होती.

निर्णय मलाच घ्यायचा होता. चिप एकदा एपॉक्सीने फ्रेमवर चिकटवली की तो लॉट ठरलेल्या वेळेत ओव्हनमध्ये जावाच लागतो, नाहीतर माल वाया. म्हणून नवीन लॉट लावणं तिथल्या तिथे थांबवलं. चिकटवलेले लॉट आधी भाजून घ्यायचे, तार जोडणीची अर्धी यंत्रं बंद ठेवायची, सुरक्षिततेसाठी लागतात तेवढीच माणसं आत ठेवायची. वरिष्ठांना फोन करून हे कळवलं. उत्पादन घटणार हे त्यांना स्पष्ट सांगितलं आणि त्यांनीही ते मान्य केलं. मग सगळ्या पाळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलं: मलय मंडळींना सोडतोय, कोणी येऊ शकेल का?

पहिलं उत्तर आलं ते निवृत्तीला आलेल्या एका चिनी तंत्रज्ञाचं, ज्यांना सगळे ‘अंकल’ म्हणतात. एवढंच: “किती जण हवेत?” ते आयेर इताम भागातून दोन पुतण्यांना घेऊन आले. पुतणे आमच्याच दिवसपाळीला होते. पूल ओलांडून बटरवर्थहून एक तमिळ ऑपरेटर मोटरसायकलवर आला. सुट्टीच्या दिवशी कामाला कायद्याने जादा मजुरी मिळते, तेव्हा ते पैशासाठी आले असं कोणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. अंकलनी आल्या आल्या काकना सांगितलं, “तू जा. नववर्षाच्या आदल्या रात्री माझ्या जागी तूच उभी होतीस.” नववर्षाच्या आदल्या रात्रीचं एकत्र जेवण चिनी घरांत चुकवत नाहीत. ३१ जानेवारीच्या त्या रात्री अंकल घरी जेवले ते काकनी पाळी घेतली म्हणून, हे मला तेव्हा कळलं. पेनांगमध्ये सलोख्याची भित्तिचित्रं खूप आहेत. पण हा सलोखा मला दिसला तो या अदलाबदलीत, ज्याची नोंद माझ्या तक्त्यात कुठेच नव्हती.

तरी काक हलेनात. “हा लॉट आत गेला की जाते.” शेवटचा ट्रे ओव्हनमध्ये सरकवून, दार लावून, तापमान दोनदा वाचून मगच त्या निघाल्या. पार्किंगमध्ये आलो तेव्हा जवळच्या मशिदीतून तकबीर, म्हणजे ईदचा ‘अल्लाहू अकबर’चा घोष, ऐकू येत होती.

केलांतानचा एक मुलगा मात्र थांबला. त्याचं गाव द्वीपकल्पाच्या दुसऱ्या टोकाला, बसचं तिकीट २ तारखेच्या संध्याकाळचं. “आता निघून काय उपयोग? पोरंबाळं असलेल्यांना सोडा,” म्हणाला आणि रात्रभर ओव्हन सांभाळले. पहाटे जेवणाच्या सुट्टीत आईला व्हिडिओ कॉल लावून जिन्यात बसला होता. अंकलनी त्याच्यासाठी कुठून तरी हलाल नासी लेमाक (नारळाच्या दुधातला भात) आणवला. कोरोनाची ती दोन वर्षं त्या मुलाने वसतिगृहात काढली होती. त्याच्यासाठी मला काही करता आलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

रात्रभर निमूट राबले ते आमचे नेपाळी कामगार. त्यांच्याशिवाय ती पाळी उभीच राहिली नसती. आणि त्यांचा दशैं, म्हणजे नेपाळी दसरा, मलेशियाच्या सुट्ट्यांच्या यादीत नाही. इतरांच्या सणांना हक्काने बदली मागता येते, यांना रजा टाकून मंजुरीची वाट बघावी लागते. पुढच्या आठवड्यात मी तक्त्यात दशैंचा रकाना घातला. त्या वर्षीची विजयादशमी ५ ऑक्टोबरला होती. बदलीसाठी नावं मागवली तेव्हा काकनी स्वतःचं लिहिलं, अंकलनी पुतण्यांची. तरी माणसं पुरली नाहीत, दशैंचा टिळा (नेपाळीत ‘टीका’) लावायला अर्ध्याच मुलांना सोडता आलं. उरलेल्यांची नावं पुढच्या वर्षीच्या तक्त्यात सगळ्यांत वर टाकली.