टायर आणि पाट्याच्या मधली दोन बोटं

सोलापूरच्या आसरा चौकात गाडी वळवताना पहिल्यांदा आवाज आला. खर्रर्र असा, पुढच्या डाव्या चाकातून. नवे टायर आणि रिम बसवून तीन दिवसही झाले नव्हते. शेजारी बसलेल्या आप्पांनी काच खाली केली, कान दिला आणि म्हणाले, "काय तरी घासतंय बघ. थांबव आधी."

थांबवली. वाकून पाहिलं तर बाहेरून सगळं नीट दिसत होतं. मडगार्डला कुठे टेकत नव्हतं, खाली काही लोंबत नव्हतं. खडा अडकला असेल असं समजून मी पुढे निघालो, आणि तशीच गाडी मंगळवेढ्याकडच्या शेतापर्यंत नेऊन परत आणली. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. हे मी करायला नको होतं.

गाडी जुन्या पद्धतीची आहे: चेसिसवर बॉडी, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही मापं गाडीगणिक बदलतात आणि माझे आकडे उचलून कुणी आपल्या गाडीला लावू नयेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. मूळ टायर 215/75 आर 15 (215 मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के, 15 इंची रिमसाठी), लोखंडी रिम 6 इंच रुंदीची. शेतातल्या रस्त्यासाठी जरा उंच आणि रुंद टायर हवा होता म्हणून 235/75 आर 15 घेतले, आणि त्यांच्यासाठी 7 इंची अलॉयच्या जुन्या रिम एका विक्रेत्याकडून. बोल्टची संख्या आणि पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) जुळतं का, एवढं मी विचारलं. जुळत होतं. "बसणार म्हणजे बसणार," तो म्हणाला. बसल्याही.

दुसऱ्या दिवशी हैदराबाद रोडच्या टायरवाल्या चाचांकडे गेलो. आमच्या घरच्या गाड्यांचे टायर वर्षानुवर्षं तेच बघतात. त्यांनी स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवायला लावलं, मग उजवीकडे, आणि बॅटरी घेऊन चाकामागे डोकावले. "मालक, या इकडं. हात घाला आत."

टायरच्या आतल्या भिंतीवर बोटभर रुंदीचा गुळगुळीत, चकचकीत पट्टा पडला होता. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळलं की टायर स्टॅबिलायझर रॉडला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला) घासत होता. अजून धागे दिसत नव्हते, पण चाचा म्हणाले ते लक्षात राहिलं: वरच्या नक्षीत खिळा घुसला तर पंक्चर काढता येतं, भिंत कापली गेली तर टायर गेला. आणि तो कुठे जाईल हे आपल्या हातात नसतं. माझ्या डोळ्यांसमोर शंभर किलोमीटरचा तो रस्ता आणि शेजारी बसलेले आप्पा आले.

मग मागची चाकं. तिथे घासत नव्हतं, पण टायर आणि पाट्याच्या मधे करंगळी कशीबशी जात होती. मूळ टायरवर तिथे दोन बोटं सहज मावायची. काळ्या रानात गाडी नेणाऱ्याला या फटीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आमच्या भागातली माती पावसात टायरला अशी चिकटते की दहा पावलांत चाक दुप्पट जाड होतं. फट करंगळीएवढी असेल तर चिखल मधेच ठासून बसतो, वाळून दगड होतो आणि टायर फिरत असेपर्यंत भिंतीला कानशीसारखा घासत राहतो. लोखंड लागत नाही म्हणून मोकळं झालो, असं आपल्याकडे समजता येत नाही.

चाचांनी एक रिम सोडवली, गोणपाटावर उपडी टाकली, दर्शनी बाजू खाली आणि मागची वर. मागच्या कडेवर लोखंडी पट्टी आडवी ठेवली आणि पट्टीपासून खाली, रिम जिथे हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, टेकते त्या सपाट जागेपर्यंत टेप सोडला. पाच इंच तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मग माझी स्टेपनी काढायला लावली, ती जुनी लोखंडी रिमच होती. तिचं माप चार इंच दोन सूत.

या खोलीला बॅकस्पेसिंग म्हणतात. हबच्या टेकणीपासून रिमची आतली कड किती आत जाते, त्याचं हे थेट माप. माझ्या नव्या रिमची कड नऊ सुतांनी, म्हणजे जवळजवळ 29 मिमी जास्त आत गेली होती. मूळ गाडीत जी मोकळी जागा होती ती मी पैसे देऊन भरून टाकली होती.

घरी येऊन रात्री वहीत हिशोब मांडला, कारण एक गोष्ट पटत नव्हती. टायर 20 मिमीने रुंद घेतला, मग बाहेरून गाडी आधीपेक्षा अंग चोरून उभी असल्यासारखी का दिसते?

उत्तर ऑफसेटमध्ये होतं. रिमच्या रुंदीच्या मधोमध एक रेघ कल्पावी. हबची टेकणी त्या रेघेच्या बाहेरच्या बाजूला जितके मिमी असेल, तितका धन ऑफसेट, आणि चाक तितकंच आत. अलॉयच्या मागे ‘ईटी 35’ असं कोरलेलं असतं ते हेच. माझ्या रिमवर नेमकं 35 होतं. 7 इंच ही रुंदी टायर बसतो तिथली असते, दोन्ही कडा धरल्या तर साधारण 8 इंच. तिची अर्धी 4 इंच, त्यात 35 मिमी म्हणजे 1.38 इंच मिळवले की 5.38. चाचांच्या टेपवरचे पाच इंच तीन सूत इथे जुळले आणि मला खरंच आनंद झाला. मूळ रिमचा ऑफसेट तसाच उलटा काढला तर 19 मिमी येतो.

आता टायर. मूळ 215 ची अर्धी रुंदी 107.5, अधिक 19, म्हणजे आतली भिंत टेकणीपासून 126.5 मिमी आत. नव्या 235 ची अर्धी 117.5, अधिक 35, म्हणजे 152.5. आत 26 मिमी वाढले. बाहेरच्या बाजूला आधी 88.5 होतं, आता 82.5. टायरची वाढलेली सगळी रुंदी आत गेली होती, वर बाहेरचे सहा मिमीसुद्धा. मी गाडीकडे बाहेरूनच पाहत राहिलो, म्हणून मला ते दिसलं नाही.

नुसता ऑफसेट विचारून भागत नाही, हेही त्याच रात्री कळलं. दोन रिमचा ऑफसेट सारखा असला आणि एक इंचभर रुंद असली, तर तिची कड अर्धा इंच जास्त आत जाते. बॅकस्पेसिंग हातात असेल तर आतली कड कुठे येणार ते रुंदी न विचारताही कळतं. म्हणून आतल्या फटीसाठी मी त्याच मापावर विसंबतो.

विक्रेत्याने रिम परत घेतल्या नाहीत. त्याऐवजी 25 मिमीचे स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मधे बसणाऱ्या चकत्या, सुचवले; अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर दोन दिवसांत होतील म्हणाला. गणिताने ते चुकीचं नाही: 35 मधून 25 गेले की 10 उरतात. पण नुसती चकती मधे सरकवली तर स्टडचे (हबवरच्या बोल्टचे) तेवढे आटे चकतीतच जातात आणि नटाला धरायला उरतच नाहीत. स्वतंत्र बोल्टचे चांगले स्पेसर मिळतात, पण मला चाकाखाली आणखी एक जोड नको होता. ज्या चाकावर आप्पा बसणार त्याच्याबद्दल मी एवढा हट्ट धरला.

रिम थोड्या तोट्यात विकल्या आणि 7 इंचीच, पण ईटी 10 वाल्या शोधल्या. त्यात तीन आठवडे गेले. तोवर गाडी जुन्या रिम-टायरवर. यावेळी दुकानात पट्टी आणि टेप घेऊनच गेलो. चार इंच तीन सूत. टायरची आतली भिंत 127.5 वर येणार, म्हणजे मूळ गाडीपेक्षा एकच मिमी आत. वाढ सगळी बाहेर, 19 मिमी. आमच्या मडगार्डला तेवढी जागा होती, टायर कडेच्या बरोबरीत आला. त्याहून बाहेर मी नेला नसता. खोल तोंडाच्या, चाकं भरपूर बाहेर काढणाऱ्या रिम दिसायला रुबाबदार असतात, पण बेअरिंगवर ताण वाढतो, खड्ड्यात स्टेअरिंग हातातून हिसकतं आणि चिखल मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडतो. मूळ ऑफसेटपेक्षा एवढ्या 9 मिमीच्या फरकानेही स्टेअरिंग मला किंचित जड झाल्यासारखं वाटतं, ते सांगायलाच हवं.

हबच्या मधल्या भोकाचं माप, अलॉयला चालणारे निमुळते नट, पुढच्या ब्रेक कॅलिपरपासून (ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागापासून) अंतर, हेही त्याच दिवशी तपासलं. बॅकस्पेसिंग बरोबर असूनही रिमचे आरे कॅलिपरला लागू शकतात.

एक गोष्ट मात्र बॅकस्पेसिंगने सुटत नाही: उंची. 235 चा टायर मूळपेक्षा व्यासाने 30 मिमी मोठा, म्हणजे चाकाच्या मध्यापासून सगळीकडे 15 मिमी जास्त. पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना पुढच्या मडगार्डमधलं प्लॅस्टिक टेकत होतं. ते क्लिप बदलून मागे ओढून घेतलं. स्पीडोमीटरही थोडा कमी दाखवतो, काट्यावर 80 असेल तेव्हा गाडी 83 च्या आसपास असते.

शेवटची तपासणी चाचांची. चारही टायरच्या आतल्या भिंतींना त्यांनी गेरू कालवून पट्टा ओढला. "घरच्यांना बसवा, सामान भरा, खड्ड्यातनं न्या. पुसला तर कळंल." रिकाम्या गाडीत, सपाट जागी काहीच कळत नाही हे खरंच. एक चाक दगडावर चढलं की मागचा एक्सल तिरका होतो आणि टायर पाट्याकडे झुकतो.

घरचे पाचजण, मागे खताच्या दोन गोण्या, आणि परतीच्या पावसानंतरचा शेतरस्ता. बांधाच्या चढावर मी मुद्दाम एक चाक वर घेतलं. विहिरीपाशी स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवलं. आवाज आला नाही. घरी येऊन नट पुन्हा आवळले, आतला चिखल काठीने काढला आणि बॅटरी घेऊन आडवा झालो. आप्पा वरून विचारत होते, "पुसला का रे?"

चारही पट्टे चिखलाखाली जसेच्या तसे होते.