धर्माचा रकाना

आज शेजारच्या काकूंसोबत त्यांच्या मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी गेले होते. पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात स्पष्ट लिहिलेली, अनुसूचित यादीतली. पण मुलीच्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’ दिसलं आणि कारकुनाचं बोट तिथेच थांबलं. “एससीचा नाही मिळणार ताई, ओबीसीत बघा.” त्याला काय बोलणार? नियमच तसा आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, बौद्धांना १९९० उजाडावं लागलं. ख्रिश्चन आणि मुस्लिम अजून बाहेरच. अनुसूचित जमातींना मात्र ही अट नाही. सुरगाण्यातला आदिवासी ख्रिश्चन झाला तरी एसटीच राहतो.

आणि हे आपल्या नाशकात! १९३० मध्ये काळारामाच्या दारात सत्याग्रह झाला. १९३५ मध्ये इथल्याच येवल्यात बाबासाहेबांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असं जाहीर केलं. धर्म बदलण्याचा हक्क आपल्या जिल्ह्याला कुणी वेगळा समजावून सांगायला नको.

फक्त आरक्षणासाठी, श्रद्धा नसताना केलेलं धर्मांतर ही फसवणूक, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये म्हटलं. ते मला पटतं. पण काकूंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना चालते, आणि स्थळं बघताना लोक अजून जात विचारतात. राज्यघटनेच्या कलम २५ ने दिलेलं धर्माचं स्वातंत्र्य वापरलं म्हणून लेकीचा हक्क का जावा? ही अट काढायलाच हवी. हाच प्रश्न तपासायला केंद्राने २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. तुमच्या आमदार-खासदारांना त्याबद्दल जरूर विचारा.